साडभाऊंचं शरीरशास्त्र

माणसाला आतून इतकं ओळखणारा आणि बाहेरून इतकं कमी ओळखणारा माणूस पांढुर्णा आणि सौंसर या दोन तालुक्यांत आमच्या साडभाऊंशिवाय दुसरा झाला नाही. सौंसरच्या बसस्टँडवर मी त्यांच्या समोर जाऊन नमस्कार केला, तर हा कोण गृहस्थ म्हणून ते कपाळाला आठ्या घालून बघत राहत. मी कंटाळून पाठ फिरवली आणि चालायला लागलो, की मागून हाक येई, "अरे साडभाऊ! कधी आले?" कापड मोजून मोजून माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा जरा खाली उतरला आहे, हे त्यांनी माझ्या लग्नाच्या मांडवातच हेरून ठेवलं होतं. चेहरा ही त्यांच्या लेखी पुस्तकाच्या कव्हरासारखी गोष्ट होती, आणि कव्हर बघून पुस्तक ओळखायची सवय त्यांना नव्हती.

माझ्या बायकोची थोरली बहीण त्यांना दिलेली. ते सौंसरच्या हायर सेकंडरी शाळेत बायोलॉजी शिकवत, मी पांढुर्ण्याला बसस्टँडजवळ कापडाचं दुकान चालवी. सारा गाव त्यांना सर म्हणे, म्हणून मीही सरच म्हणत आलो. आमचे सासरे तिगावला राहत. त्यांना दोन मुलीच, मुलगा नाही. त्यामुळे विहिरीत पडलेली बादली काढण्यापासून ते कौलं फिरवण्यापर्यंत त्या घरातलं जे काही काम पुरुषानं करायचं, ते आम्हा दोन जावयांच्या वाट्याला येई. दोन जावयांच्या म्हणजे माझ्या. मी विहिरीवर वाकलो, की सर माझ्या पाठीमागे उभे राहून मणके बघत आणि जवळ असेल त्याला दाखवत. "हा पाहा, हा लंबर, कमरेचा मणका. वाकला का कसा उघडते!" बादली वर येईपर्यंत माझा उत्साह तळाशी जाऊन बसलेला असे. अशा माणसासोबत पंधरा-वीस वर्षं नातं निभावणं हे सोपं काम नाही, आणि मी ते निभावलं. आता दमलोय, तेव्हा बसून सांगतो.

त्यांच्यासमोर बोलायची चोरी होती. एकदा आमच्या घरी वरच्या फळीवरून पितळी परात धाडकन पडली. बायको म्हणाली, "बाप्पा! काळीजच धडधडलं माझं." सर वरणभात कालवत होते. हात तसाच थांबवून म्हणाले, "काळीज म्हणजे लिव्हर. ते धडधडत नाही. ते बिचारं गुपचूप काम करून राहते. धडधडते ते हृदय." बायकोनं सांगितलं, तुमचं काय धडधडते ते तुमच्या घरी, आमच्याकडे काळीजच धडधडते. त्यावर त्यांनी ताटातल्या वरणात बोटानं यकृताचा आकार काढून दाखवला आणि मग तोच आकार भातासकट खाल्ला. कोणाच्या पोटात दुखलं तर 'पोटात' म्हणून चालायचं नाही, नक्की कुठे ते बोट ठेवून सांगावं लागे. गळा भरून आला, छाती फुगली, डोकं फिरलं, असं काही म्हणायची सोयच नव्हती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमारीची जत्रा भरते, नदीच्या दोन्ही काठांवरून दगड चालतात, तेव्हा डोकी फुटलेली माणसं मलमपट्टीला रांगेनं बसतात. सर त्या रांगेपाशी जाऊन कोणाला कोणत्या हाडावर लागलं ते समजावून सांगत. एका रक्तबंबाळ पैलवानानं त्यांना शांतपणे विचारलं होतं, "गुरुजी, पट्टी बांधून राहिले का नुसतं नाव सांगून राहिले?"

जेवणाचं तर विचारूच नका. सासऱ्यांना आम्ही जावई मामाजी म्हणत असू. मामाजी हौशी माणूस. मोठे जावई आले की तिगावात मटण शिजे, आणि सरांच्या ताटात नळी पडली की आम्हा बाकीच्यांचं जेवण तिथंच संपे. सर ती नळी चोखून, पुसून, उजेडात धरत. बकऱ्याचं हे हाड माणसात कुठे असतं, ते दाखवायला शेजारी बसलेल्या माणसाची मांडी चाचपत. शेजारी बहुतेक वेळा मीच असे. मी दोनदा मटण सोडलं आणि दोनदा परत धरलं, ते याच पंगतीपायी. मामाजी मात्र घास हातात ठेवून ऐकत. "म्हणजे मोठे जावई, बकऱ्यात न् आपल्यात फरक काही नाहीच म्हणा नं?" ते विचारत. सर म्हणत, "फरक थोडाच आहे मामाजी. तो उभा राहत नाही, आपण उगाच उभे राहतो."

आणि बेडूक! आमच्या भाषेत बेंडूक. श्रावण-भादव्यात सर नाल्यांच्या काठानं हिंडून बेंडकं गोळा करत आणि शाळेच्या सिमेंटच्या टाक्यात परीक्षेपर्यंत पाळत, कारण प्रॅक्टिकल यायचं ऐन फाल्गुनात आणि तेव्हा साऱ्या तालुक्यात औषधालाही बेंडूक सापडत नाही. तिगावकडून पकडलेला माल घेऊन ते पांढुर्ण्याला येत, आणि सौंसरची बस लागेपर्यंत तो ठेवायची जागा माझं दुकान. एकदा त्यांनी भोकं पाडलेला गोडेतेलाचा पिपा काउंटरखाली सरकवला आणि चहा प्यायला गेले. दुकानात सावरगावच्या बाया लग्नाचं कापड बघत होत्या. गादीवर लुगड्यांचा ढीग पडलेला. पिप्याचं झाकण कसं सरकलं देव जाणे, एका जरीच्या पदराखालून पहिलं बेंडूक निघालं, आणि मग जिकडेतिकडे बेंडकंच. बाया किंचाळत ओट्यावर गेल्या. त्यांतली वयानं मोठी होती ती मात्र जागची हलली नाही, कमरेवर हात ठेवून मला म्हणाली, "कापडाच्या दुकानात बेंडकं विकून राहिले का आता?" तेवढ्यात सर आले. त्यांना वाटेल वाईट, मागतील माफी, असं मला क्षणभर वाटलं. त्यांनी गुडघ्यावर बसून गादीखाली डोकं घातलं आणि आतून विचारलं, "साडभाऊ, ती मोठी मादी दिसली का? बाकीचे राहू द्या." त्या लग्नाचं कापड सावरगावकरांनी दुसरीकडून घेतलं.

त्यांच्या वर्गाच्या गोष्टी मला दुकानात गिऱ्हाइकांकडून कळत. मुलं पहिल्यांदा बेंडूक फाडायला उभी राहिली, की दरवर्षी एखादा तरी चक्कर येऊन पडे. सर त्याला व्हरांड्यात आडवा करत, पाय बाकावर ठेवत, आणि सगळ्या वर्गाला भोवती बोलावत. "मेंदूकडे रक्त कमी गेलं, म्हणून हा पडला. आता पाय वर केले, रक्त परत जाऊन राहिलं. पाहा, ओठ लाल व्हाले का नाही? चला, हा शिकवून उठला." पडलेला पोरगा डोळे उघडी, तेव्हा तीस-चाळीस तोंडं त्याच्यावर वाकलेली असत आणि तो पुन्हा डोळे मिटी. माणसाचं शरीर शिकवायला त्यांच्याकडे एक मेणकापडाचा मोठा तक्ता होता. वर्षानुवर्षं छडी टेकून त्यावर अपेंडिक्सच्या जागी भोक पडलं होतं. नवीन मुलांना ते सांगत, याचं ऑपरेशन झालेलं आहे.

त्या तक्त्याचं त्यांना मनातून वाईट वाटे. "साडभाऊ," ते म्हणत, "बेंडूक मी खरा शिकवतो न् माणूस खोटा. कापडावरचा माणूस! तुमच्या दुकानातल्यासारखा." त्यांचा एक विद्यार्थी नागपूरला मेडिकलला लागला होता. तो सुटीत भेटायला आला आणि सांगून गेला, की तिथंही शिकायला मृतदेह पुरत नाहीत, एका देहाभोवती एवढी मुलं उभी असतात की मागच्यांना पुढच्यांच्या माना तेवढ्या दिसतात. सरांनी हे मनाला लावून घेतलं. पुढच्या वेळी तिगावला गेलो, तेव्हा मामाजींच्या अंगणात, मांडवाखाली बसून त्यांनी ते सगळं सांगितलं. मामाजी बिडी ओढत ऐकत होते. सासूबाई सुपात तूर निवडत होत्या.

मामाजी रेल्वेत काटेवाले होते, म्हणजे गाडीसाठी रूळ बदलून देणारे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांनी बिडी विझवली आणि विचारलं, "म्हाताऱ्या माणसाचं चालते का?"

सरांच्या लक्षात आलं नाही. "काय चालते?"

"म्हणजे मी मेल्यावर मले नेलं, त घेतात का ते लोक?"

मी सरांकडे पाहिलं. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, मामाजी, असं अभद्र काऊन बोलून राहिले? सरांचा चेहरा दिवा लावल्यासारखा उजळला. "काऊन नाही घेत! आनंदानं घेतील!" आणि मग संध्याकाळपर्यंत ते तिथं काय काय शिकतात, कोणत्या वर्षाला काय, देह कसा टिकवतात, हे सारं त्यांनी सासऱ्याला अगदी वर्गात शिकवावं तसं शिकवलं. माझी बायको रडायला लागली. तिची बहीण, म्हणजे सरांची बायको, उठून आत गेली आणि भांडी आपटायला लागली. मामाजी मात्र शांत होते. ते म्हणाले, "रुळावर कटलेली माणसं मी किती राखली असतील. पोलीस येईपर्यंत बसा लागे. ऊन असो, पाणी असो. कोणाचं कोणी नाही. मले वाटे, हा माणूस काल चालत बोलत होता, आज कोणाच्याच कामाचा नाही. तेव्हापासून डोक्यात होतं. तुम्ही आज सांगितलं."

सासूबाई तुरीतले खडे बाजूला टाकत होत्या.

सरांनी नागपूरला जाऊन चौकशी केली. नातेवाइकांनी लिहून दिलं आणि डॉक्टरचा दाखला असला की पुरे, असं कळलं. त्यानंतर मामाजींचं आणि सरांचं एक निराळंच गूळपीठ जमलं. मामाजी सदरा काढून बसत आणि सर त्यांच्या छातीवर बोटं वाजवून बघत. "अशा बरगड्या तुमाले पुस्तकात सापडणार नाहीत," ते मला सांगत, आणि म्हातारा हरखून जाई. "सांभाळून ठेवून राहिलो बाप्पा," मामाजी म्हणत. "पोरायले खराब माल नको जायले." स्वतःच्या ताटात तूप कमी घेतलं, की म्हणत, तिथं चरबी जास्त निघाली तर पोरं नावं ठेवतील. या थट्टेत मला कधी भाग घेता आला नाही. मी बसून राही आणि कधी एकदा बस येते याची वाट बघे.

त्यांचं हे असं तीन-चार वर्षं चाललं. मग एका फाल्गुनात, सकाळी अंगणात दात घासता घासता मामाजी खाली बसले ते उठलेच नाहीत. तिगाव स्टेशनवरच्या माणसानं पांढुर्ण्याला निरोप पाठवला. मी दुकानाची कुलपं लावली, बायकोला तिगावला पाठवलं आणि शाळेत फोन लावायला गेलो. फोन लागेना, म्हणून सौंसरची बस धरली.

नेमकं त्या दिवशी सरांच्या शाळेत प्रॅक्टिकल होतं. बाहेरगावचे परीक्षक आलेले. प्रयोगशाळेच्या दारात मी उभा राहिलो आणि इतकी वर्षं नुसतं ऐकलेलं पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. लांब टेबलांवर मेण ओतलेल्या ट्रे, त्यांत उताणी, हातपाय टाचण्यांनी ताणलेली बेंडकं, आणि त्यांच्यावर वाकलेली मुलं. औषधाचा वास डोळ्यांत जात होता. सर एका मुलीच्या शेजारी उभे होते. तिची कात्री बेंडकाच्या पोटावर अडली होती. "घाई नको," ते म्हणत होते. मी त्यांचा इतका मऊ आवाज कधी ऐकला नव्हता. "कात्रीचं टोक वर ठेव. खालचं काही दुखवायचं नाही. तो मेला आहे, पण आतलं सारं जागच्या जागी आहे, ते तसंच दिसलं पाहिजे." मुलीनं कापलं, आणि ते झाल्यावर सरांनी मान वर केली. मी त्यांच्या समोरच उभा होतो, आणि त्या दिवशी त्यांनी मला समोरून ओळखलं.

"कोण?" त्यांनी विचारलं.

"मामाजी," मी म्हणालो.

ते परीक्षकांशी दोन शब्द बोलले, ॲप्रन खुंटीला अडकवला आणि माझ्यासोबत निघाले. वाटेत घरून बायकोला घेतलं आणि आम्ही तिघं बसमध्ये बसलो. मी मनातल्या मनात यादी करत होतो. गाडी बघावी लागेल, बर्फ, दाखला, नागपूरला किती वाजता पोचू. वाटलं, सरही तोच विचार करत असतील.

तिगावला अंगणात माणसं जमली होती. मामाजींना घोंगडीवर निजवलेलं. कोणीतरी बांबू तोडून आणले होते, गोवऱ्या काढल्या होत्या. मामाजींचे एक चुलतभाऊ होते, वयानं सगळ्यांत मोठे. आम्हाला बघताच ते काठी आपटत म्हणाले, "मी आधीच सांगून ठेवतो. ते नागपूर-फागपूर चालणार नाही. अग्नी दिल्याबिगर माणूस सुटत नाही. काय हो मास्तर, तुमचंच हे खूळ नं?"

सगळे सरांकडे बघायला लागले. मी त्यांच्या शेजारी सरकलो. मला वाटलं आता भांडण होणार, आणि ते निस्तरायला मी लागणार. सर मामाजींकडे बघत होते. मग ते म्हणाले, "नाही नेत. इथंच नदीवर न्या त्यायले."

क्षणभर कोणाला कळेना. चुलतभाऊसुद्धा गोंधळले, त्यांनी भांडायची पूर्ण तयारी केली होती. मी सरांचा दंड धरला आणि त्यांना घरामागे, गोठ्यापाशी घेऊन गेलो. मला राग आला होता. सकाळपासून पोटात चहाचा घोट नव्हता.

"सर, हे काय करून राहिले तुम्ही? चार वर्षं साऱ्यायचं डोकं खाल्लं. म्हातारा तुमच्या भरवशावर मेला."

ते गव्हाणीच्या कडेला बसले. "मी सांगितलं ते बरोबरच होतं. एक शब्द चुकीचा नव्हता."

"मंग?"

"मंग काय साडभाऊ. तुमाले माहीत नाही तिथं काय करतात. मले माहीत आहे. मी कॉलेजात असताना दोस्तासंगं गेलो होतो एकदा. पहिल्या दिवशी कुठं चीर देतात, मले माहीत आहे. पोरं आधी घाबरतात, न् मंग हसायले लागतात. हसल्याशिवाय त्यायच्यानं होतच नाही. त्या माणसाले काही बाही नाव ठेवतात. आम्हीबी ठेवलं होतं." त्यांनी गव्हाणीतली काडी मोडली. "मामाजीले कोणी हसलं त माझ्यानं सहन नाही होणार."

ज्या माणसानं हयातभर बेंडकं फाडली, मेलं की संपलं, राहतं ते फक्त शास्त्र असं ज्यानं जेवणाच्या पंगतीत बसून सांगितलं, तो बायकोच्या बापासाठी लहान पोरासारखा तोंड झाकून रडत होता. मी त्यांच्या शेजारी बसलो. बैल आमच्याकडे बघत रवंथ करत होता.

तेवढ्यात सासूबाई आल्या. भिंतीला हात लावत लावत, हळू. आम्ही उठलो.

"काय गुरगुरून राहिले दोघं इथं?" त्या म्हणाल्या.

मी सांगितलं, की सर म्हणतात नदीवर न्यावं.

त्या सरांकडे बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसता थकवा होता, दिवसभर शेतात राबून आलेल्या बाईच्या चेहऱ्यावर असतो तसा. "त्यायनं मले मागेच सांगून ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "म्हणे, मोठे जावई ऐनवेळी फिरतील. ते लई हळवे आहेत. ते फिरले तरी तू नको फिरू."

सरांनी सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं.

"चला," सासूबाई म्हणाल्या. "गाडी पाहा. ऊन चढून राहिलं."

मग जे करायचं ते मी केलं. संत्री वाहून नेणारी एक मेटाडोर मिळाली. पांढुर्ण्याहून भुशात गुंडाळलेल्या बर्फाच्या लाद्या आणल्या. डॉक्टरला दुपारच्या झोपेतून उठवून दाखला घेतला. चुलतभाऊ आणि त्यांच्यासोबतची काही माणसं बांबू तिथंच टाकून निघून गेली. सासूबाईंनी मामाजींना आंघोळ घातली, मी दुकानातून आणलेलं कोरं धोतर नेसवलं, आणि दोन्ही मुलींनी पायांवर डोकं ठेवलं. सर मागच्या बाजूला मामाजींशेजारी बसले. मीही मागेच बसलो. गाडीला संत्र्यांचा वास येत होता आणि बर्फाचं पाणी आमच्या चपलांखालून वाहत होतं. रस्ता खराब होता. प्रत्येक धक्क्याला सर मामाजींच्या डोक्याला हात लावून धरत.

सावनेरच्या अलीकडे नाक्यावर गाडी थांबवली. नाकेदार मागे आला, पडदा बाजूला करून म्हणाला, "संत्रा आहे का?"

"नाही," सर म्हणाले. "आमचे सासरे आहेत. मेडिकल कॉलेजात जाऊन राहिले."

नाकेदारानं आत बघितलं, सरांकडे बघितलं, आणि काही न विचारता फळी वर केली.

नागपूरला काम पटकन झालं, इतकं पटकन की वाईट वाटलं. दोन ठिकाणी सह्या, एक पोचपावती, आणि खाकी कपड्यातला एक माणूस चाकांचा स्ट्रेचर घेऊन आला. तो आत ढकलायला लागला, तेव्हा सर त्याच्यामागे दोन-तीन पावलं गेले. "ऐका," ते म्हणाले. "यायचा डावा गुडघा लई दुखे. जरा..." तो माणूस थांबला होता. "हो साहेब, हळूच नेतो," तो म्हणाला. दार झुलत झुलत बंद झालं.

परत येताना सर पुढे ड्रायव्हरजवळ बसले आणि मी एकटाच मागे. राख नव्हती, त्यामुळे अस्थी विसर्जन नव्हतं. तेराव्याला गावातली निम्मी माणसं जेवायला आली नाहीत. सरांची बायको त्यांच्याशी बरेच दिवस कामापुरतंच बोलत होती. तिचं म्हणणं असं, की नेलं त्याचा राग नाही, तुम्ही ऐनवेळी नाही म्हणाले आणि माझ्या मायले बोला लागलं, त्याचा आहे. सर हे ऐकून घेत. त्यांची शाळा चालू होती, बेंडकं चालू होती. माझ्या दुकानात मात्र त्यांनी पुन्हा कधी पिपा ठेवला नाही. मी विचारलं तर म्हणाले, तुमाले तरास होते. त्यांच्या तोंडून हा शब्द ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

पावसाळ्यानंतर सासूबाई सौंसरला राहायला आल्या. एका संध्याकाळी मी तिथं होतो. त्या ओसरीवर बसल्या होत्या आणि सर शाळेतून येऊन पाय धूत होते. सासूबाईंनी सहज विचारावं तसं विचारलं, "त्यायच्याजवळची पोरं शिकली असतील का वो आता?"

सर पायांवर पाणी ओतत राहिले. दुसऱ्या आठवड्यात ते पांढुर्ण्याला आले आणि मला म्हणाले, "नागपूरले चलता का? मले मायक्रोस्कोपच्या काचपट्ट्या घ्यायच्या आहेत." काचपट्ट्या सौंसरला पोस्टानं येत, हे मला माहीत होतं. मी दुकान बंद केलं. बायको म्हणाली, दुकान उघडं ठेवायचे दिवस तुम्ही मोजून राहिले का बंद ठेवायचे? तरी गेलो.

काचपट्ट्यांचं नावही निघालं नाही. आम्ही थेट कॉलेजच्या फाटकासमोर गेलो. आत जायला सर तयार होईनात. समोर चहाची टपरी होती, तिथं बाकावर बसलो. दुपारी मुलं बाहेर आली, पांढरे ॲप्रन काखेत मारून, मोठ्यानं बोलत, एकमेकांना ढकलत. आमच्या बाकाजवळच त्यांनी चहा मागितला. त्यांच्या अंगाला तो औषधाचा वास होता. एक बारीक चष्म्याचा मुलगा दुसऱ्याला आपल्याच दंडावर बोट फिरवून एक शीर कुठून कुठे जाते ते सांगत होता. दुसरा चुकला, की तो हसायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायचा. सर चहा हातात धरून ऐकत होते. त्या मुलांमधलं कोण मामाजींपाशी उभं राहत होतं, की कोणीच नाही, हे आम्हाला कळायला मार्ग नव्हता, आणि सरांनी विचारलंही नाही. मुलं निघून गेल्यावर ते म्हणाले, "शीर बरोबर सांगितली त्यानं." आम्ही बस धरली.

सौंसरला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. सासूबाई ओसरीवरच होत्या. सर चपला काढून त्यांच्यासमोर खाली बसले.

"आई, नागपूरले जाऊन आलो. पोरं शिकून राहिली."

"चांगली आहेत का पोरं?"

"चांगली आहेत. हुशार आहेत."

सासूबाईंनी विचारलं, "थट्टा-मस्करी करतात का त्यायची?"

मी सरांकडे बघितलं. खोटं बोलले असते तर कोणी विचारणार नव्हतं. त्यांनी मान खाली घातली. "करत असतील, आई. थोडी करतात पोरं."

सासूबाई हसल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी त्यांना हसताना बघितलं. "मंग रमले असतील ते," त्या म्हणाल्या. "घरात कोणी थट्टा केली नाही, त त्यायले करमतच नव्हतं."

सरांनी आत आवाज देऊन साऱ्यांसाठी चहा सांगितला, आणि मला म्हणाले, "साडभाऊ, आज राहून जा. शेवटची बस गेली असंन आता."